सातबारावर खाणपट्टा दिसला म्हणून पैसे देऊ नका

धुळे तालुक्यातल्या आमच्या मामांचे सात लाख एका दगडखाणीच्या व्यवहारात बुडाले. एक ब्रास दगडही हाती लागला नाही. रस्त्यांची कामं निघाली की खडीला भाव येतो आणि असे व्यवहार जुळवणारे खान्देशात गावोगाव फिरायला लागतात, म्हणून हे लिहितोय.

चीड याची येते की दाखवलेला कागद खरा होता. डिजिटल सहीचा सातबारा, 'इतर हक्क'मध्ये खाणपट्टाधारक (सरकारकडून ठरावीक मुदतीसाठी खाण चालवायला घेतलेला) म्हणून समोरच्याचं नाव, शेजारी फेरफार, म्हणजे सातबारातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. वर त्याचं पालुपद, "भाऊ, सातबारावर नाव शे ना, मंग काय डर?" पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी झाली आणि मामांना वाटलं, खदान आपली.

पुढे त्या फेरफाराची नक्कल काढली. पट्ट्याची मुदत केव्हाच संपलेली! मुदत संपली तरी नोंद आपोआप जात नाही. ती कमी करायला वेगळा फेरफार लागतो, तो कुणी घातलाच नव्हता. त्या मेलेल्या नोंदीवर त्याने पैसे उकळले.

मुळात खनिज जमीनमालकाचं नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 ने तो हक्क सरकारकडे ठेवलाय. पट्टा जिवंत आहे की नाही, हे जिल्हाधिकारी कार्यालयातली गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू वगैरे) शाखाच सांगू शकते. आणि पट्टा चालू असला, तरी पूर्वपरवानगीशिवाय तो नोटरी करून दुसऱ्याला देता येत नाही.

समोरच्याला सरळ म्हणा, महाखनिज या सरकारी पोर्टलवरून आजच्या तारखेचा खनिज वाहतूक पास काढून दाखव. पट्टा संपलेल्याला तो निघत नाही. सोबत फेरफाराची नक्कल, पट्ट्याचा मंजुरी आदेश आणि स्वामित्वधनाची (सरकारला भरलेल्या रॉयल्टीची) चलनं मागा. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा, पण तोवर इसार देऊ नका.

परवान्याशिवाय मामांनी उत्खनन सुरू केलं असतं, तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसला असता. मशीन लावायच्या आधी नक्कल हातात आली, म्हणून निदान तेवढं वाचलं. पोलिसांत तक्रार दिलीय. पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि ती नोंद आजही त्या सातबारावर तशीच आहे.