जेएमआरआय पॅनलप्रोवर सिग्नल बसवले, फुकट आहे पण महिना खाल्ला

शाळेत असताना कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघितलं होतं (१९९८ ला सुरू झालेलं), तेव्हा जो किडा चावला तो चाळिशीत येऊन वळवळला. आता आतल्या खोलीतला पलंग गेला आणि तिथं आठ बाय चारचा प्लाय आला. एचओ स्केल म्हणजे १:८७, एक स्टेशन, मेन लाईन, एक लूप (स्टेशनात बाजूला गाडी उभी करायची लाईन), बाकी गोल फिरून परत. बायकोने पलंगाचं अजून माफ केलेलं नाही.

गाड्या डीसीसीवर (रुळांतूनच डिजिटल हुकूम देऊन इंजिनं चालवायची पद्धत) आधीपासून पळत होत्या, पण सिग्नल नुसते शोभेचे. ते कॉम्प्युटरच्या पॅनलवरून चालवायचे म्हणून जेएमआरआयमधलं पॅनलप्रो घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. जेएमआरआय म्हणजे जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस, फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं, रास्पबेरी पायवर पण. लोकांनी फावल्या वेळात बनवलेलं आहे म्हणून हलकं समजू नका, याच प्रोजेक्टच्या बॉब जेकबसन यांनी अमेरिकेत केस लढवली होती आणि २००८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडल्या तर कॉपीराइटचा दावा लागू शकतो. खेळण्यातल्या रेल्वेवरून एवढं, बोला.

हार्डवेअर पटकन सांगतो. सहा सिग्नल, दोन्ही बाजूंना एकेक होम (स्टेशनात येऊ देणारा) आणि मेन-लूपला मिळून चार स्टार्टर (स्टेशनातून सोडणारे). प्रत्येकाला चार एलईडी म्हणजे चोवीस तारा. अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डला चोपन्न डिजिटल पिना असतात त्यामुळे एकाच बोर्डात भागलं, त्यात सीएमआरआयचा (कॉम्प्युटर आणि मॉडेल रेल्वे जोडायची एक पद्धत) फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला की पॅनलप्रो त्याच्याशी यूएसबीवरून बोलतं. एलईडी, एक केचे रेझिस्टर, तारा सगळं पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. एक गंमत, पॅनलप्रोमध्ये मी सीएमआरआयचं प्रत्येक आउटपुट टर्नआऊट म्हणजे रुळांचा सांधा (पॉइंट) म्हणून नोंदवलं, मग तिथं पॉइंटची मोटर असो नाहीतर साधा लाल दिवा. पहिले दोन दिवस मी टेबलमध्ये सीटी१००१ ते सीटी१०२४ असे चोवीस "सांधे" बघून हबकलो होतो की माझ्याकडे एवढे सांधे आले कुठून.

आता खरी गोष्ट. मी सगळं उलटं केलं. उत्साहात आधी सिग्नल जोडले, पॅनलवर त्यांची चित्रं लावली, क्लिक केलं की लाल, क्लिक केलं की हिरवा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. पण सिग्नलने आपोआप बदलायला पाहिजे ना, गाडी गेली की लाल. त्यासाठी पॅनलप्रोला कळायला लागतं की रुळाचा कुठला तुकडा कुठल्या ब्लॉकमध्ये (रुळाच्या भागात) आहे आणि त्यात गाडी आहे का ते सांगणारा सेन्सर कोणता, आणि हे मी केलंच नव्हतं. लेआउट एडिटरमध्ये रूळ काढायचे, प्रत्येक तुकड्याला ब्लॉकचं नाव द्यायचं, ब्लॉकला सेन्सर लावायचा, मग जिथं दोन ब्लॉक मिळतात तिथं सिग्नल मास्ट (सिग्नलचा खांब) ठेवायचा. हे नीट केलं असेल तर सिग्नल मास्ट लॉजिकमध्ये डिस्कव्हरचं बटण दाबायचं आणि ते स्वतः शोधून काढतं की या सिग्नलच्या पुढचा सिग्नल कुठला, मध्ये कुठले ब्लॉक, कुठले पॉइंट. मी दाबलं तेव्हा काहीच सापडलं नाही. दोन संध्याकाळी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग कळलं की लूपच्या एका पाच इंची तुकड्याला ब्लॉकच दिला नव्हता. दिला, परत दाबलं, आणि सगळ्या जोड्या एका झटक्यात टेबलात. त्या क्षणाला पैकीच्या पैकी.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. मी अभिमानाने वर नेलं. त्यांनी पहिला सिग्नल बघितला आणि म्हणाले, "अरे हे काय, दोन्ही पिवळे एकाखाली एक लावलेस?" मी वरून पिवळा, पिवळा, हिरवा, लाल असं सोल्डर केलं होतं. खऱ्या चार दिव्यांच्या सिग्नलमध्ये वरून पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असतात, दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा, म्हणजे लांबून दोन दिवे एकात मिसळत नाहीत आणि लाल सगळ्यात खाली, ड्रायव्हरच्या नजरेजवळ. सहाच्या सहा उकलून परत केले. वर काका मध्येच म्हणाले, "आता होम ऑफ कर" आणि मी दिवा विझवला. रेल्वेच्या भाषेत सिग्नल ऑफ म्हणजे गाडीला जायची परवानगी! काकांना हसू आवरेना.

दुहेरी पिवळा, म्हणजे दोन्ही पिवळे एकदम, पॅनलप्रोमध्ये जमतो. मी ब्रिटिश बीआर-२००३ सिस्टीम निवडली, कारण त्यात दुहेरी पिवळा आहे आणि आपल्याकडच्याशी जवळचं वाटलं. मॅट्रिक्स मास्ट प्रकार घेतला की प्रत्येक आस्पेक्टला (सिग्नल काय दाखवतो त्याला) कुठले आउटपुट चालू ते खुणा करून सांगता येतं, दुहेरी पिवळ्याला एक आणि तीन नंबर. हे मला फार आवडलं, डोकं न लावता होतं. लूपसाठी पाच पांढऱ्या दिव्यांचा रूट इंडिकेटर (गाडी कुठल्या लाईनला जाणार ते दाखवणारा) पाहिजेच असं काकांचं म्हणणं आहे, ते सध्या ऐकून सोडलंय.

मग आली सगळ्यात मोठी डोकेदुखी, जी सॉफ्टवेअरची नाहीच. माझ्या ब्लॉकचा सेन्सर म्हणजे करंट बघणारा डिटेक्टर. इंजिन करंट घेतं, डबे घेत नाहीत. त्यामुळे इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये गेलं की मागचा ब्लॉक मोकळा दिसायचा आणि मागचा सिग्नल पिवळा व्हायचा, तोपर्यंत गाडीचे चार डबे तिथंच उभे! काका तर खुर्चीतून उठलेच. उपाय म्हणजे डब्यांच्या आसाला रेझिस्टर, मी दहा केचे लावले, प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याला तर नक्कीच. बारीक काम आहे, चष्मा आणि चिमटा घेऊन एका रविवारी तीनच डबे झाले. त्यातही रुळावर धूळ असली की सेन्सर लुकलुकतो आणि सिग्नल डिस्को करतात, त्याला सेन्सर टेबलमध्ये डिबाऊन्स (क्षणभराचा बदल न मोजणं) आहे, मी मोकळं व्हायला दीड सेकंद उशीर दिला आणि नाच थांबला.

दोन तक्रारी. मदतीची पानं भरपूर आहेत पण एकीकडून दुसरीकडे उड्या मारायला लावतात, नवख्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आणि सेव्ह आपोआप होत नाही, फाईलमधून स्टोअर करावं लागतं. एका गुरुवारी लाईट गेली, तीन तासांचं काम गेलं, चूक माझीच, पण तेव्हापासून दर दहा मिनिटांनी स्टोअर करतो.

घ्यायचं असेल तर माझं ऐका, आधी तारा जोडूच नका. कनेक्शनमध्ये सीएमआरआय सिम्युलेटर निवडा, सेन्सर इंटर्नल (फक्त सॉफ्टवेअरमधले) घ्या, पॅनलवर माऊसने गाडी असल्यासारखे ब्लॉक भरा आणि सिग्नल कसे बदलतात ते बघा. हे बरोबर चाललं की मगच सोल्डरिंग गन हातात घ्या. मला हे काकांनी नाही, महिना वाया गेल्यावर कळलं.

पाचपैकी चार स्टार. पाचवा देणार होतो, पण काका रोज येऊन रूट इंडिकेटरचं विचारतात, त्यामुळे पाच गुणिले दोन एलईडी आणि परत तपकीर गल्ली.