सेकंड हँड स्लिट लॅम्प आणि ऑटोरेफ: फेब्रुवारीपासूनचा अनुभव

दारव्ह्याला माझं छोटं ऑप्टोमेट्रीचं क्लिनिक आहे. फेब्रुवारीत स्लिट लॅम्प (उजेडाच्या बारीक पट्टीत डोळा मोठा करून बघायचा), ऑटोरेफ (डोळ्याचा नंबर आपोआप काढणारं मशीन), लेन्सोमीटर (भिंगाचा नंबर मोजणारं) आणि ट्रायल सेट (नंबर तपासायच्या भिंगांची पेटी) हे सगळंच जुनं घेतलं, आता कापूस वेचणी सुरू आहे म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा पण झाला आणि पावसाळा पण, त्यामुळे आता खात्रीनं लिहू शकते. तालुक्याच्या गावी सुरुवात करणारे बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

स्लिट लॅम्प पैसा वसूल. नागपूरच्या एका डॉक्टरांनी नवीन घेतला म्हणून जुना काढला, दिवा वर असणारा टॉवरवाला आहे, नव्याच्या निम्म्याहून कमीत पडला. बघायला जाल तेव्हा आधी फोकसिंग रॉड मागा, म्हणजे पेशंटच्या डोळ्याच्या जागी लावून फोकस बघायची दांडी. रॉड लावायचा, दोन्ही आयपीस आपापल्या नंबरला सेट करायचे, उजेडाची पट्टी होईल तेवढी बारीक करायची आणि दिव्याचा आर्म सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. पट्टी जागची हलली नाही आणि कडा तशाच धारदार राहिल्या तर अलाइनमेंट ठीक आहे, सरकायला लागली तर ते मशीन कुठंतरी पडलंय किंवा गाडीत आदळलंय, मग कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्यानंतर लॅम्प बंद करून मोबाईलचा टॉर्च पुढच्या भिंगातून मारा आणि आयपीसकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, आणि ती काचेचं कोटिंग खाते, पुसून जात नाही. उजेड पिवळट वाटला तर घाबरू नका, बहुतेक वेळा आरसा खराब झालेला असतो आणि तो बदलता येतो. माझ्यात ६ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन लागतो, दोन जास्तीचे आणून ठेवलेत. बदलताना बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की लवकर जातो.

आणि निळा फिल्टर नक्की तपासा, आपल्याकडं त्याच्याशिवाय भागत नाही. मागच्याच महिन्यात एक काकाजी आले, पऱ्हाटीची काडी लागली होती, "डोयात कचरा गेला जी, मेडिकलमधून ड्रॉप घेतले पण लालीच जात नाही." साध्या उजेडात बारीक पांढुरका डाग दिसत होता, फ्लोरेसिन स्ट्रिप (निळ्या उजेडात जखम हिरवी चमकवणाऱ्या रंगाची पट्टी) लावून निळ्या उजेडात बघितलं तर डागाभोवती चांगलंच हिरवं चमकलं आणि कडा पिसासारख्या फाटलेल्या. काडीकचऱ्यानं झालेल्या जखमेत फंगल इन्फेक्शन असू शकतं आणि त्यात स्टेरॉइडचे ड्रॉप पडले तर बुबुळाची वाट लागते. ड्रॉप बंद करायला लावले आणि चिठ्ठी देऊन त्याच दिवशी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. फिल्टर उडालेला असता तर ही कड मला दिसली नसती.

लेन्सोमीटर हाताचा, डायलवाला. आयपीस फोकस करून भिंग न लावता बघायचं, ० आलं पाहिजे, बस. ट्रायल सेटमध्ये मात्र प्रत्येक भिंग लेन्सोमीटरवर लावून बघा, कंटाळा करू नका. जुन्या सेटमध्ये कोणीतरी प्लस-मायनसची अदलाबदल केलेली असते आणि सिलिंडर नंबरच्या भिंगावरच्या ॲक्सिसच्या (कोनाच्या) खुणा पुसलेल्या असतात.

आता ऑटोरेफ. हा डीलरकडून घेतला, रिफर्बिश्ड म्हणून. उन्हाळाभर छान चालला, रीडिंग रेटिनोस्कोपीशी (डोळ्यात उजेड टाकून हातानं काढलेल्या नंबराशी) जुळत होतं. पोळ्याच्या आसपास इकडं डीपी जळाली, लाईट येईना, आली तर व्होल्टेज वरखाली, स्टॅबिलायझर होता तरी स्क्रीनवर रेघा यायला लागल्या आणि एक दिवस मशीन सुरूच होईना. डीलरची वॉरंटी तोंडी होती, तो फोन उचलत नाही, मॉडेल आय, म्हणजे मशीन तपासायचा ठरलेल्या नंबरचा नकली डोळा, "पाठवतो ताई" म्हणाला होता ते पण आलं नाही. कंपनीकडं चौकशी केली तर या मॉडेलचे बोर्ड बंद झालेत. शेवटी नागपूरच्या एका इंजिनिअरनं दुसऱ्या भंगार मशीनचा बोर्ड बसवून दिला. चालतंय, पण मॉडेल आय नाही म्हणून मी दर सोमवारी ज्यांचा नंबर पक्का माहीत आहे त्या आमच्या असिस्टंटच्या डोळ्यावर तपासते, आणि लहान मुलांचा चष्मा तर त्याच्या कागदावरून कधीच देत नाही, रेटिनोस्कोप हातात घेतेच. आता स्टॅबिलायझरच्या जोडीला ऑनलाइन यूपीएस घेतलाय आणि अर्थिंग नव्यानं करून घेतलं, ते आधी करा आणि मशीन नंतर आणा.

त्यामुळे माझं मत असं की भिंग आणि लोखंडी फिटिंगचं सामान जुनं बिनधास्त घ्या, बोर्ड आणि सॉफ्टवेअरचं घ्यायचं तर त्या मॉडेलचे पार्ट मिळतात का आणि दुरुस्तीला क्लिनिकपर्यंत येणार कोण हे लेखी घेऊनच पैसे द्या. याच कारणानं हवेचा फुगारा मारून डोळ्याचं प्रेशर मोजणारं एनसीटी मी जुनं घेणार नाही, त्याचं कॅलिब्रेशन आपल्या हातात नसतं. प्रेशरसाठी जुना गोल्डमन ॲप्लनेशन (डोळ्याला टेकवून मोजायचं यंत्र) शोधतेय, त्याचा कॅलिब्रेशनचा बार लावून ०, २ आणि ६ वर, म्हणजे ०, २० आणि ६० मिमीला, आपलं आपल्याला तपासता येतं. कोणाकडं बारसकट असेल तर कळवा, बार नसेल तर नको.