बिग ग्रीन एग (लार्ज): मटणाचा फरा मंद आचेवर

आधी निकाल सांगते. ऑफिसमधून आल्यावर अर्ध्या तासात चिकन भाजून मोकळं व्हायचं असेल, तर हा कोळशावर चालणारा सिरॅमिकचा ग्रिल घेऊ नका. गॅसचा घ्या, बरेच पैसे वाचतील. पण हाडासकट मटण सहा-सात तास मंद आचेवर ठेवून बोटांनी सुटेल इतकं मऊ करायचं असेल, तर मी वापरलेल्यांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

मी मूळची कोल्हापूरची, आता अटलांटाच्या एका उपनगरात राहते. ही कंपनीही इथलीच. एड फिशर यांनी १९७४ साली अटलांटात दुकान उघडलं आणि जपानी पद्धतीच्या मातीच्या चुली विकायला सुरुवात केली. जपानमध्ये त्यात भात शिजायचा. मूळ रूप मातीचं, आताचं सिरॅमिकचं. घडण मात्र तीच: जाड भिंती, घट्ट बसणारं झाकण, हवेला एक वाट खाली आणि एक वर.

खरी करामत त्या दोन वाटांची आहे. भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून आग जिवंत राहायला अगदी थोडी हवा पुरते. खालची खिडकी बोटभर, वरची चकती जेमतेम उघडी, एवढ्यावर तापमान २२५ ते २५० फॅरनहाइटवर (१०७ ते १२१ सेल्सिअस) तासन् तास टिकतं. एकदा भरलेला कोळसा दहा-बारा तास सहज पुरतो, मध्ये भर घालावी लागत नाही. आणि आत वारा कमी खेळत असल्यामुळे मांस सुकत नाही. पातळ पत्र्याच्या स्मोकरमध्ये (धुरावर मांस शिजवायच्या पेटीत) मला हा ओलावा कधी मिळाला नाही.

मात्र तापमान खालून वर हळूहळू चढवायचं. सिरॅमिक एकदा साडेतीनशेला गेलं की लवकर खाली येत नाही, खिडक्या बंद केल्या तरी तास-दीड तास जातो. म्हणून कोळसा वरच्या बाजूला एकाच जागी पेटवायचा आणि काटा दोनशेला पोचला की हवा आवळायला लागायचं. कोळसा लाकडाचा, ओबडधोबड तुकड्यांचा घ्यावा, इथे त्याला लंप चारकोल म्हणतात. दाबून केलेल्या कोळशाच्या विटांची राख फार होते आणि लांबच्या शिजवणीत ती खालची हवा अडवते. पेटवायचं द्रव तर अजिबात नको, त्याचा वास सिरॅमिक धरून ठेवतं.

आता फरा, म्हणजे खांद्याचा तुकडा. बकऱ्याचा फरा चवीला उत्तम, पण अंगात चरबी कमी. पहिल्यांदा करणाऱ्यांनी लॅम्बचा (कोवळ्या मेंढ्याचा) हाडासकट घ्यावा, दोन-अडीच किलोचा. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. सकाळी आलं-लसूण, धणेपूड, मिरपूड आणि कांदा-लसूण मसाला. मसाला जळेल अशी भीती अनेकांना वाटते. अडीचशेच्या आत जळत नाही, उलट त्याची काळपट, खमंग साल धरते. ती साल खाण्यासाठी आमच्याकडे भांडणं होतात.

धुरासाठी पिकॅनच्या (अक्रोडासारखं फळ देणाऱ्या झाडाच्या) लाकडाचे मुठीएवढे दोन तुकडे बस. पिकॅन आमच्या जॉर्जिया राज्यात भरपूर पिकतं आणि त्याचा धूर सौम्य असतो. हिकरीचं लाकूड तिखट धुराचं, ते डुकराच्या खांद्याला शोभतं, मटणावर मात्र चढून बसतं. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्या. पातळ, निळसर धूर दिसायला लागला की मगच मांस आत ठेवा, नाहीतर कडवट लागतं.

साधारण १६० फॅरनहाइटला मांसाचा काटा थबकतो. तास जातो, दीड तास जातो, आकडा हलत नाही. अंगावरचा घाम वाळताना गारवा वाटतो तसंच इथे होतं: मांसातलं पाणी वर येऊन उडतं आणि उष्णता घेऊन जातं. घाबरून आच वाढवू नका. याच टप्प्यात सांध्याभोवतालचे चिवट धागे विरघळून चिकट, रसाळ होत असतात. दोनशेच्या आसपास खांद्याचं चपटं हाड धरून फिरवून बघा, सहज फिरलं तर झालं. मग टॉवेलात गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये तासभर मुरू द्या.

जाळीखाली पसरट भांडं ठेवा, पण कोळसा आणि जाळी यांच्या मध्ये बसणाऱ्या, उष्णता अडवणाऱ्या तबकडीवर थेट नको, जळतं. मधे फॉइलचे गोळे ठेवून हवेची फट ठेवा. भांड्यात कांदा, टोमॅटो, पाणी. वरून गळणारी चरबी त्यात पडते, थोडा धूरही मुरतो. त्याला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावून केलेला तांबडा रस्सा हे या ग्रिलचं माझ्या मते सगळ्यात मोठं देणं आहे. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू, बाकी काही लागत नाही.

काही गोष्टी घेण्याआधी माहीत हव्यात. लार्जचं वजन सुमारे ७३ किलो, आणि सिरॅमिक आपटलं तर तडकतं, म्हणून जागा आधी ठरवा. अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाचा ग्रिल बहुतेक ठिकाणी चालत नाही. आच जोरात असताना झाकण एकदम उघडलं तर हवा आत शिरून ज्वाळा बाहेर झेपावते; आधी दोन बोटं उचला, क्षणभर थांबा, मग उघडा. मुलं जवळ असतील तर हे विसरून चालणार नाही. झाकणावरचा काटा घुमटातलं तापमान दाखवतो, जाळीवरचं वेगळं असतं, तेव्हा दोन सुयांचा स्वतंत्र थर्मामीटर घ्याच.

चौघांच्या घराला मीडियम पुरेल असं दुकानात सांगतील. फरा भांड्यासकट मोकळा बसायला १८ इंची जाळी लागते, म्हणून लार्जच घ्या. आणि ती तबकडी त्याच दिवशी सोबत घ्या, कारण तिच्याशिवाय मंद शिजवणं होतच नाही.