गॅमा सांगून अल्फा गळ्यात मारली

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हळदीची गाठ मोडून आतला रंग बघितल्याशिवाय पोत्याला हात लावायचे नाहीत. त्यांचा मुलगा मी, आणि पांढऱ्या पावडरीत 6,800 रुपयांना गंडलो.

पीएचडीसाठी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, करतोय. त्याला लोखंडाचे अतिबारीक कण लागतात. भट्टीत ते एकमेकांना चिकटून मोठे झाले की खेळ खलास, म्हणून ते सच्छिद्र ॲल्युमिनावर, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पावडरीवर, बसवतात. ती गॅमा जातीची हवी. तिच्या एका ग्रॅममध्ये दीडशे-दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग सहज निघतो. अल्फाचं रासायनिक सूत्र तेच, पण ती 1100 अंशांच्या वर भाजून निघालेली. छिद्रं बुजलेली, पृष्ठभाग जेमतेम काही चौरस मीटर. दिसायला दोन्ही पांढऱ्याच.

ओळखीतून एक व्यापारी भेटला. "सर, कॅटॅलिस्ट ग्रेड आहे, डोळे झाकून घ्या." सोबत छापील कागद, त्यावर पृष्ठभाग 200. पाचशे ग्रॅम घेतली, पैसे आगाऊ. बिलावर मात्र नुसतं 'ॲल्युमिना पावडर'. ते मी वाचलं होतं, तरी गप्प बसलो. हे माझं चुकलं.

आता खरी गंमत. 5 ग्रॅम पावडर बशीत घेतली आणि 1.8 ग्रॅम फेरिक नायट्रेटचं (लोखंडाचा क्षार) साधारण साडेतीन मिली द्रावण ड्रॉपरने थेंबथेंब सोडत काचेच्या कांडीने कालवत बसलो. चांगली गॅमा एवढं पाणी पिऊनही भुरभुरीत राहते. माझी दीड मिलीलाच गिच्च झाली, शेवटी तर पिठलंच. वाटलं, आपलाच हात सैल सुटला. 110 अंशांना वाळवल्यावर लोखंड बशीच्या कडेला तांबूस खपली धरून बसलेलं, मधली पावडर फिकट. 500 ला भाजताना तपकिरी धूर निघाला, म्हणजे नायट्रेट तरी खरं होतं म्हणायचं! आणि 700 ला कार्बनसाठी ॲसिटिलीन वायू सोडला की नळ्यांऐवजी हाती नुसती काजळी.

सहा आठवडे गेले. तापमान बदललं, गॅसचा वेग बदलला, सरांची बोलणी खाल्ली. पावडरीवर संशय एकदाही आला नाही.

एके दिवशी मेकॅनिकलचा मित्र चहाला आला. चिमूटभर पावडर पाण्यात कालवून बोटांवर चोळली आणि म्हणाला, "अरे, ही आमच्या पॉलिशच्या पावडरीसारखी लागतेय." धातूचे नमुने आरशासारखे घासायला ते ॲल्युमिना वापरतात. मग कोल्हापूरला एक्सआरडी, म्हणजे स्फटिकाची जात ओळखणारी क्ष-किरण तपासणी, करून आणलं: आलेखावर 25.6, 35.2, 43.4 अंशांच्या कोनांना सुईसारखी टोकदार शिखरं, म्हणजे अल्फाच. गॅमाची 46 आणि 67 च्या आसपास पसरट टेकाडं असतात; ती औषधालाही नव्हती.

व्यापाऱ्याला फोन केला. "ॲल्युमिनाच दिलीय ना? बिल बघा की." नंतर फोन उचलणंच बंद.

तेव्हा मागवणाऱ्यांनो, बिलावर 'गॅमा' आणि पृष्ठभागाचा आकडा लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी नमुना मागा. एक ग्रॅम पावडरीत अर्धा मिली पाणी थेंबाथेंबाने सोडून बघा. लगेच चिखल झाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

उरलेली साडेचारशे ग्रॅम मेकॅनिकलवाल्यांनी नेली. पॉलिश झकास येतंय म्हणे.