परासरणाचा प्रयोग: बटाटा की कांदा?

मुलीला परासरण, म्हणजे पेशीपटलातून (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून) पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे कसं जातं ते दाखवायचंय, बटाटा घेऊ की कांदा, असं एका ताईंनी विचारलं.

खर्च दोन्हींचा किरकोळ, पण कांद्याला सूक्ष्मदर्शक लागतो. सोललेल्या बटाट्यात खड्डा करून साखरेचं दाट पाणी भरा, पातळीला टाचणी टोचा, बटाटा साध्या पाण्यात ठेवा. तासाभरात पातळी वर चढते. शेजारी उकडलेला बटाटा ठेवाच. त्याची पेशीपटलं फाटलेली, म्हणून पातळी चढत नाही.

लाल कांद्याच्या जांभळ्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी सोडलं, की काही मिनिटांत रंगीत भाग आकसून पेशीभित्तीपासून सुटतो. हाच रससंकोच. लगेच साधं पाणी दिलं तर पुन्हा फुगतो. फार सुंदर दिसतं ते! फक्त एकपदरी पापुद्रा काढायला सराव हवा.

घरी किंवा भरलेल्या वर्गासमोर बटाटा. प्रयोगशाळा हाताशी असेल आणि एकेका पेशीत काय घडतं ते बघायचं असेल, तर कांदाच.