स्वस्तातले गोल्फ बॉल: पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

आधी माझा खेळ सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. हँडिकॅप विशीच्या पुढे (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा वीसेक तरी जास्त लागतात), ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, मारला की बॉल हमखास उजवीकडे वळणार. राहतो चेंबूरला. प्रेसिडेन्सी हा गोल्फ क्लब हाकेच्या अंतरावर आहे, पण सभासद नाही, म्हणून रविवारी पहाटे गाडी काढून खारघरला सिडकोच्या कोर्सवर. (ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीचा टोल माफ झाला. ते वाचलेले पैसे बॉलमध्येच जातात, हे घरी सांगितलेलं नाही.)

हिवाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत आलटून पालटून वापरले ते हे: डेकॅथलॉनचा इनेसिस टू-पीस (आत एक गाभा, वर एक कव्हर), स्रिक्सन सॉफ्ट फील, कॅलवे सुपरसॉफ्ट आणि थोडा वरचा म्हणून स्रिक्सन क्यू-स्टार टूर. ताडून बघायला मित्राच्या बॅगेतले टायटलिस्ट प्रो व्ही१ होतेच. प्रो व्ही१च्या डझनाच्या निम्म्या पैशांत साधा टू-पीस डझन सहज येतो.

अंतराचं लवकर उरकतो. फरक नाही. नियमानुसार बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि वेगावरही मर्यादा आहे. म्हणजे खोक्यावर 'डिस्टन्स' कितीही मोठ्या अक्षरांत छापलं तरी सगळे एकाच दावणीचे. माझ्या दोन फटक्यांत जितका फरक पडतो, तितका या बॉलांत पडत नाही.

फटका मारताना हाताला होणारी जाणीव मात्र वेगळी. सुपरसॉफ्टचं कॉम्प्रेशन (बॉल किती कडक त्याचा आकडा) ४०च्या आसपास, प्रो व्ही१चं ९०च्या आसपास. सुपरसॉफ्ट पटरवर, म्हणजे भोकाकडे बॉल ढकलायच्या काठीवर, जवळजवळ आवाजच करत नाही. काहींना ते आवडतं; मला पटरवर जरा टक् ऐकू आलेलं बरं वाटतं, म्हणून माझं मत सॉफ्ट फीलला. सुपरसॉफ्टला स्पिन कमी, त्यामुळे उजवीकडचं वळण थोडं आवरतं. थोडंच. या वळणावर, म्हणजे स्लाइसवर, औषध म्हणून घेणार असाल तर ते पैसे कोचला द्या.

खरा फरक ग्रीनपाशी, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापाशी. ग्रीनच्या कडेपासून पंधरा-वीस पावलांवर ५६ डिग्रीचं वेज (जवळून उंच फटका मारायची काठी) घेऊन उभे राहा आणि एकाच स्विंगने एक-एक बॉल मारा. टू-पीस टप्पा पडला की पुढे पळतो, झेंडा ओलांडून पार पलीकडे. क्यू-स्टार टूर पहिल्या टप्प्याला पुढे येतो, दुसऱ्याला अडखळतो आणि तिथेच थांबतो. कारण कव्हर. टू-पीसचं कव्हर आयनोमर नावाच्या प्लास्टिकचं, चिवट आणि कडक. त्यावर वेजच्या खाचांची पकड बसत नाही. क्यू-स्टार टूरचं युरेथेनचं कव्हर मऊ, खाली कडक थर, त्यामुळे खाचा त्यात रुततात आणि बॉल फिरतो. हा फरक माझ्यासारख्यालाही डोळ्यांनी दिसतो.

आता मुंबईची गोष्ट. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हा फायदा बराचसा पाण्यात जातो. गवत ओलं, वेजचा चेहरा ओला. बॉल आणि खाच यांच्यामध्ये पाणी आलं की युरेथेनलाही पकड मिळत नाही. शिवाय ग्रीन इतकं मऊ की टू-पीससुद्धा टप्प्याशीच बसतो. कोर्सजवळचा पांडवकड्याचा धबधबा वाहत असताना महागडा बॉल खेळण्यात मला तरी अर्थ दिसला नाही. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर, तर बॉल चिखलात रुतून बसतो. रुतलेला सापडला तर नियम १६.३ प्रमाणे दंड न लागता ड्रॉप, म्हणजे बॉल उचलून शेजारी टाकायची मुभा, मिळतो, पण सापडायला हवा ना! २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं. त्या दिवसांत पिवळा बॉल घ्या. मार्चनंतर गवत वाळलं की मात्र पिवळा त्यात मिसळून जातो, तेव्हा पांढरा.

किमतीचा हिशेब डझनावर करू नका, फेरीवर करा. पावसात माझे फेरीला तीन-चार तरी हरवतात. मग बॉल किती टिकतो हा प्रश्नच उरत नाही, कारण तो टिकेपर्यंत हातात राहतच नाही. कोरड्या दिवसांत एखादाच जातो, तेव्हा टिकाऊपणा मोजता येतो. डोंगराकडच्या दगडावर आपटलेला इनेसिस पुसून पुन्हा खेळलो. युरेथेन तसं सोसत नाही. एका दगडाने सालटं निघतं, आणि नुसत्या वेजच्या फटक्यांनीही त्यावर केसाळ ओरखडे येतात.

पाण्यातून काढलेले जुने बॉल हा आणखी एक मार्ग. कॅडीकडून हातात घेऊन, उलटून बघून घेतलेले चांगले निघाले. ऑनलाइन मागवलेले एका विक्रेत्याचे मात्र वरून रंग मारलेले होते; चार फटक्यांत पापुद्रे सुटले आणि खाली भलत्याच कंपनीचं नाव. 'रिफिनिश्ड' लिहिलेलं असेल तर लांबच राहा.

मित्र अजून प्रो व्ही१ सोडायला तयार नाही. त्याचा बॉल एक-एक महिना टिकतो, त्याचं गणित त्याला बरोबर आहे. मी या ऑक्टोबरपासून क्यू-स्टार टूर खेळतोय. पाणी ओलांडायचं होल आलं की मात्र खिशातून इनेसिस निघतो, आणि मित्राने त्यावर काय म्हणायचं ते म्हणावं.