भराव की खांब? कोस्टल रोड आणि सी लिंक

मुंबईतले हे दोन्ही रस्ते वरळीला भेटतात, पण समुद्राशी वागायची तऱ्हा एकदम वेगळी. २००९ ला सुरू झालेला सी लिंक खांबांवर उभाय, खालून पाणी वाहतं. कोस्टल रोडसाठी मात्र १११ हेक्टर भराव टाकला, त्यात बागांसाठी जागा नि चालायला प्रोमेनाड मिळाला हे खरंच, सी लिंकवर तर पायी जाताच येत नाही, पण खडकांवरची कालवं-खेकडे गेले ते गेलेच ना! मला विचाराल तर खांबच बरे. अर्थात खांब आले की सगळं सोपं असंही नाही, हे दोन रस्ते जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधून बोटी नीट जाव्यात म्हणून वरळी कोळीवाड्याला किती भांडावं लागलं, तेव्हा कुठे ६० मीटरचं अंतर १२० झालं.